हेडसरांचं ऊन

११ जानेवारी

सप्रेम नमस्कार.

एवढे दोन शब्द लिहून मी बराच वेळ पेन धरून बसलो होतो. ‘प्रिय’ लिहावं तर तू म्हणशील, आज बरी आठवण झाली. काहीच न लिहावं तर समुपदेशक बाई म्हणतील, तुम्ही प्रयत्नच करत नाही. म्हणून नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत, तूही असशील असं धरून चालतो.

फोनवर आपलं दुसऱ्याच वाक्याला वाजतं, हे बाईंचं निदान मला मान्य आहे. तेव्हा ठरल्याप्रमाणे पंधरवड्याला एक पत्र, पत्रात फक्त मुलीची हकिगत, टोमणे वर्ज्य. तुला टोमण्याशिवाय लिहायचं म्हणजे अळणी जेवण, पण करून पाहतो.

भिंगरी बरी आहे. खोकला गेला. तुझ्याकडून आणलेला स्वेटर अंगातून काढायला तयार नाही. शाळेत गणिताच्या बाईंशी तिचं बिनसलंय, पण त्यात चूक बाईंची आहे असं मला वाटतं. तुला वाटणार नाही.

आता तू धाडलेल्या पाहुण्याबद्दल. तुझ्या इमारतीत जनावरं चालत नाहीत, म्हणजे वाढदिवसाची भेट तुझी आणि झाडू माझा. बरं, मांजर नाही, ससा नाही, इग्वाना. मला वाटलं कुंपणावरच्या सरड्यासारखं काहीतरी असेल. डबा उघडला तर हिरवागार बाप्या, शेपटीसकट भिंगरीच्या हाताएवढा, आणि हे म्हणे अजून पिल्लू आहे. मोठा झाला की माझ्याएवढा लांब होणार आहे. गळ्याखाली लोंबती कातडी, हनुवटी वर, आणि कुणी समोर आलं की मान खालीवर हलवतो, पण कशालाच पसंती दिल्यासारखं वाटत नाही. भिंगरीने त्याचं नाव हेडसर ठेवलं. आता घरात आम्ही दोघंही त्यांना अहो-जाहो करतो.

एप्रिलच्या शेवटी भिंगरी समुपदेशक बाईंसमोर बसून स्वतः सांगणार आहे, की पुढच्या वर्षापासून कुठे राहायचं, माझ्याकडे काचेच्या दुकानाच्या वरच्या या घरात, की तुझ्याकडे. तोवर आपण दोघांनीही तिला विचारायचं नाही, लालूच दाखवायची नाही, असं आपलं ठरलंय. आणि तू इग्वाना घेऊन देतेस. हा टोमणा नाही, प्रश्न आहे.

असो. तू जनावर दिलंस, तर मी त्याला महाल बांधला. जनावरांच्या दुकानदाराने दिलेली जाळीची पेटी बघवत नव्हती. मी सगळीकडून काच लावून दिवाणखान्याच्या खिडकीत माझ्या छातीएवढी पेटी उभी केली आहे. कडा घासून गुळगुळीत, आत वाळकी फांदी, पाण्याचं भांडं, उबेला एक दिवा. आणि काच कुठली, तर दुकानातली सगळ्यात भारी. दुकानाच्या दर्शनी भागात दोन काचांमागे लाल कापडाचे दोन तुकडे लावले आहेत, तुझ्याच जुन्या पडद्यातून कापलेले, आठवत असतील. साध्या काचेमागचा पार विटलाय, आणि या काचेमागचा अजून नव्यासारखा लाल. गिऱ्हाइकाला मी दुसरं काही सांगतच नाही. ऊन आत येईल, त्याचा डंख बाहेर राहील, एवढंच म्हणतो आणि बोट दाखवतो.

दुकानदाराने पेटीबरोबर एक लांब ट्यूबही दिली होती, जांभळट उजेडाची. ती गुणगुणायची आणि पेटीची सगळी शोभा घालवायची. मी काढून माळ्यावर टाकली. भिंगरी म्हणाली, “बाबा, त्यांनी सांगितलंय दिवा आणि ट्यूब दोन्ही लागतात.” मी म्हटलं, खिडकीत दिवसभर ऊन आहे, सूर्यापेक्षा मोठी ट्यूब कुठल्या दुकानात मिळते? ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून तुला लिहितो.

आपला,
भिंगरीचा बाप


२२ मार्च

सप्रेम नमस्कार.

मधली पत्रं चुकली. काम होतं. एका नव्या इमारतीच्या खिडक्या घेतल्या आहेत आणि मुकादम रोज माप बदलतो.

भिंगरीची तब्येत चांगली आहे. परीक्षा तोंडावर आली आहे. जेवण थोडं कमी झालंय, पण या वयात होतं.

हेडसर आजारी आहेत. तुला तिच्या फोनवरून कळलं असेलच, पण ती नीट सांगत नाही, म्हणून मी लिहितो. आधी ते फांदीवर चढेनासे झाले. मग चढले तरी पकड सुटून खाली यायचे. आम्हाला वाटलं आळस आहे, भिंगरी तर म्हणाली हेडसरांना सुट्टी लागली. मग एक दिवस त्यांच्या पायाची बोटं नुसतीच थरथरताना दिसली, आणि पुढे ठेवलेला भोपळा त्यांना चावता येईना. तेव्हा आम्ही त्यांना टोपलीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला जनावरांच्या डॉक्टर बाईंकडे गेलो, त्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळतं असं ऐकलं होतं.

डॉक्टर बाईंनी त्यांच्या जबड्यावर हलकेच बोट दाबलं तर तो रबरासारखा आत गेला. हाडं मऊ पडली आहेत. कॅल्शियम अंगी लागलेलं नाही. वाचतील का, तर सांगता येत नाही म्हणाल्या, दोन-तीन आठवड्यांत कळेल.

त्यांनी विचारलं, खायला कोण घालतं. भिंगरी म्हणाली, मी. पाल्यावर कॅल्शियमची पावडर रोज टाकता का, तर तिची मान खाली गेली. पावडर दिसली की हेडसर तोंड फिरवायचे, म्हणून ती कधी टाकायची, कधी नाही. तर कारण हे असं आहे. मी तिला रागावलो नाही, हे मुद्दाम लिहितो. तूही रागावू नकोस. पोर आहे, तेरा वर्षांची.

उजेडाबिजेडाबद्दलही डॉक्टर बाईंनी चार गोष्टी विचारल्या, त्यात काही विशेष नाही. माळ्यावरची ट्यूब पुन्हा बसवली आहे. रोज सकाळी मी हेडसरांना गच्चीवर उघड्यावर नेतो. भिंगरीने विचारलं, तेव्हा म्हटलं आजाऱ्याला हवापालट बरी.

रोज औषधाचं पाणी सुई नसलेल्या पिचकारीने त्यांच्या तोंडाच्या कडेला थेंब थेंब सोडावं लागतं. ते भिंगरी करते, मला हात लावू देत नाही. मांडीवर टॉवेल घेऊन बसते आणि त्यांच्याशी बोलत असते. मी बाहेरच्या खोलीत असतो, पण ऐकू येतं. काय बोलते ते जाऊ दे.

दुकान ठीक चाललंय.

आपला,
भिंगरीचा बाप


९ एप्रिल

सप्रेम नमस्कार.

बातमी आहे, तीही मोठी. तुला कसं लिहावं हा प्रश्न आहे, पण समुपदेशक बाईंच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

काल चहा घेताना भिंगरी म्हणाली, “बाबा, मी बाईंना सांगणार आहे, मी इथेच राहणार.”

मी विचारलं नव्हतं. तिची शपथ घेऊन सांगतो, गेल्या तीन महिन्यांत त्या विषयाला मी शिवलो नाही. कप खाली ठेवला आणि बरं म्हटलं. दुकानात खाली आलो आणि एका आरशाची काच उलट्या बाजूने कापून ठेवली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तू म्हणशील, जिंकलास एकदाचा. मलाही तसंच वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर सकाळभर वाटलंही. खोलीला कुठला रंग द्यायचा, तिची शाळेची बस कुठे थांबते, इथपर्यंत माझं डोकं पोचलं होतं.

मग तिने संध्याकाळी कारण सांगितलं. आईकडे हेडसरांना नेता येणार नाही. माझ्यामुळे त्यांचं हे झालंय, आता त्यांना टाकून मी कशी जाऊ, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्यामुळे असं काही नसतं, आजार आहे तो. ती म्हणाली, “असं तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतोस.”

दिवसभर ती फोनवर या आजाराबद्दल वाचते. तिने फोन हातात घेतला की मी काहीतरी निमित्त काढून उठतो. परवा वाचता वाचता म्हणाली, यात उजेडाचंही लिहिलंय, पण उजेड तर आपल्याकडे भरपूर होता. तू एवढी मोठी पेटी केलीस, खिडकीत ठेवलीस. म्हणजे पावडरच. मी ‘हं’ म्हटलं आणि चपला घालून बाहेर पडलो. बाहेर काही काम नव्हतं. रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो.

मैत्रिणी बोलवायला येतात, ती जात नाही. सुट्टी लागली आहे तरी घराबाहेर पडत नाही. जेवताना अर्ध्यावर उठून पेटीशी जाऊन बघते. तिचं नाव भिंगरी आपण ठेवलं ते ती गरगर फिरते म्हणून. आता ती खोलीतून चालते तेव्हा पावलांचा आवाज होत नाही.

हेडसर आहेत तसेच आहेत. मान हलवणं बंद केलंय.

तुझं उत्तर लवकर येऊ दे. मला कळत नाही काय लिहावंसं वाटतंय तुला. शिव्या द्यायच्या तर त्याही दे.

भिंगरीचा बाप


१९ एप्रिल

नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शिव्या नाहीत. मी पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं, मागच्या बाजूलाही नाहीत. तू लिहितेस, तिने आपणहून ठरवलं असेल तर मी एक अक्षर बोलणार नाही, तिची खोली मी शिवणाच्या मशीनला देईन. ‘आपणहून’च्या खाली रेघ मारली आहेस. त्या रेघेने माझी झोप उडवली, हे तुला ठाऊक असणारच, तू मला ओळखतेस.

तिने आपणहून ठरवलेलं नाही. मी ठरवायला लावलं, तेही तोंड न उघडता.

दवाखान्यातलं सगळं मी तुला लिहिलं नव्हतं. पावडरची गोष्ट झाल्यावर डॉक्टर बाईंनी भिंगरीला हेडसरांचं वजन करायला बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, ऊन मिळतं का याला. मी म्हटलं, दिवसभर, खिडकीत काचेची पेटी आहे. त्या म्हणाल्या, काचेतून नुसता उजेड आणि ऊब येते. याच्या हाडांना उन्हातलं जे लागतं, ते काच बाहेरच अडवते. त्याशिवाय कितीही पावडर घाला, पोटातून तशीच निघून जाते.

त्या बोलत होत्या आणि मला माझ्या दुकानातली दोन लाल कापडं दिसत होती. साध्या काचेमागचं निदान विटलं तरी, म्हणजे थोडं काहीतरी आत जात असेल. मी हेडसरांना बसवलं होतं ते दुसऱ्या काचेमागे. ती काच काय अडवते हे या शहरात माझ्याइतकं तोंडपाठ कुणाला नाही, त्यावर माझं घर चालतं. आणि ट्यूब माळ्यावर. सूर्यापेक्षा मोठी ट्यूब कुठे मिळते म्हणणारा मीच.

भिंगरी आत आली, तेव्हा तिचे डोळे लाल झालेले. म्हणाली, “बाबा, वजनसुद्धा कमी झालंय, माझ्यामुळे.” डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टोपलीचं झाकण लावत होतो, ते लावत राहिलो.

एवढंच झालं. घरी जाऊन सांगू असं वाटलं. मग वाटलं, हेडसर जरा सावरले की सांगू. मग ती म्हणाली इथेच राहते, आणि त्यानंतर सांगायचं म्हणजे काय, हे मला पक्कं कळलं. तिच्या डोळ्यांत मी असा बाप ठरणार, आणि ती तुझ्याकडे जाणार. माझ्या गप्प बसण्याने मला मुलगी मिळत होती. हे लिहितो, कारण याहून सौम्य काही लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी मी तिला खाली दुकानात बोलावलं. गिऱ्हाईक नव्हतं. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. मी नुसतं त्या दोन कापडांकडे बोट दाखवलं, गिऱ्हाइकांना दाखवतो तसं, आणि म्हटलं, हेडसरांची पेटी या काचेची आहे.

तुझी मुलगी हुशार आहे. तिला दुसरं वाक्य लागलं नाही. ती लाल कापडाकडे बघत राहिली, मग विटक्याकडे, मग माझ्याकडे. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, मी ते बघितलं. ते फार थोडा वेळ टिकलं.

“तुला हे कधी कळलं?”

“दवाखान्यात.”

“मी वजन करून आत आले तेव्हा?”

“त्याच्या आधी.”

काउंटरवर काचेचा चुरा पडला होता, तो ती बोटाने गोळा करायला लागली. मी म्हटलं, लागेल हाताला. तिने ऐकलं नाही. मग ती म्हणाली, “मी रोज औषध देताना त्यांची माफी मागत होते. मोठ्याने. तू बाहेरच्या खोलीत असायचास.”

“हो.”

“तू ऐकत होतास.”

“हो.”

मी तुला म्हटलं होतं ना, ती हेडसरांशी काय बोलते ते जाऊ दे. ती हे बोलायची. ‘सॉरी हेडसर, माझं चुकलं, मी आता कधीच विसरणार नाही.’ रोज. आणि मी बाहेर पेपर धरून बसायचो.

ती गच्चीवर निघून गेली. मी मागे गेलो नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि वर जाऊन पेटी सोडवायला घेतली. सगळ्या काचा काढल्या आणि चौकटीला जाळी ठोकली. ती जाळी दुकानदाराने दिली होती तशीच आहे, जी मला बघवत नव्हती. हातोडीचा आवाज ऐकून ती खाली आली असेल, दारात उभी राहून बघत होती. हेडसर तिच्या खांद्यावर होते. मला आधी वाटलं तिनेच धरून ठेवलंय, पण नाही, त्यांच्या नख्या स्वेटरमध्ये रुतल्या होत्या. पकड परत येते आहे. डॉक्टर बाईंना फोन केला तर म्हणाल्या, मग जगतील, जबडा मात्र थोडा वाकडाच राहणार.

भिंगरी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मीही काही विचारलं नाही, तेवढी अक्कल उरली आहे. आज सकाळी तिने सांगितलं. ती तुझ्याकडे येणार आहे. बाईंना तसंच सांगणार आहे. शिवणाचं मशीन दुसरीकडे हलव.

मी विचारलं, हेडसरांचं काय. मला वाटलं, डॉक्टर बाईंकडे ठेवायला सांगेल, किंवा कुणा मैत्रिणीकडे. ती म्हणाली, “ते इथे राहतील. त्यांना काय लागतं ते आता तुला माहीत आहे.” मग पायऱ्या अर्ध्या उतरून परत वर आली. “आणि रोज सकाळी त्यांची माफी मागायची. मी मागायचे तशी, मोठ्याने. मी फोन करून विचारीन.”

ती शनिवारच्या गाडीने येईल. उतरवून घ्यायला तूच जा, कुणाला पाठवू नकोस. स्वेटरच्या खांद्याला नख्यांनी भोकं पडली आहेत, ती शिवू नकोस, तिने मला शिवू दिली नाहीत. हाताच्या बोटाला काच लागलीय, लहानच आहे. आल्याबरोबर प्रश्न विचारू नकोस. पावडरीवरून आपण दोघंही तिला कधी काही बोललो नाही, तरी एकदा तू तुझ्या तोंडाने सांग की त्यात तिचं काही नव्हतं. माझ्या तोंडून ते पोरीला आता पुरत नाही.

आज ती खाली बॅग भरत होती तेव्हा मी हेडसरांना घेऊन गच्चीवर गेलो. ऊन चांगलं कडक होतं. त्यांना टॉवेलवर ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, हेडसर, माझं चुकलं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई वळून बघायला लागल्या. मी पुन्हा म्हटलं. खाली खोलीतला बॅगेच्या चेनचा आवाज थांबला होता.

हेडसरांनी कितीतरी आठवड्यांनी मान हलवली. त्याचा अर्थ मला कधीच कळला नाही, आजही कळला नाही. उद्या परत म्हणेन.

तिची परवानगी असेल तर,
भिंगरीचा बाप